मडक्यावरचं पाणी

परवा उरण नाक्यावर भांबुर्डीच्या जुड्या दिसल्या. दिसल्या म्हणजे आधी वास आला. ओव्यासारखा उग्र, जरासा कडवट. वळून बघितलं तर डोंगराकडच्या दोघी बायका रस्त्याच्या कडेला पाला मांडून बसलेल्या, शेजारी वालाच्या शेंगांचा ढीग. बाजूने रिक्षा घासून चाललेल्या, डोक्यावरून नव्या विमानतळाकडे विमान उतरत होतं, त्या दोघींना कशाचंच काही नव्हतं. मी एक जुडी उचलून नाकाला लावली. पोपटीचा हंगाम आला होता. आयुष्यभर मी ज्याची वाट बघितली त्या हंगामाची मला या वर्षी भीती वाटत होती.

आमच्या पनवेल-उरणकडच्या माणसाला पोपटी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. भात कापून झालं की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. थंडी पडली की शेंगा भरतात. मग एका संध्याकाळी शेतातच मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, असेल तर कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाला पाल्याचा घट्ट बोळा. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं घालायचं, त्याला पेंढ्याने, काटक्यांनी झाकायचं आणि पेटवायचं. आत काय चाललंय ते कोणाला दिसत नाही. उघडून बघायची सोय नाही, कारण एकदा बोळा काढला की वाफ जाते आणि कच्चं राहिलेलं कच्चंच राहतं. म्हणून पेंढा जळून खाली बसला, मडक्याचं बूड उघडं पडलं, की त्यावर पाण्याचा हबका मारतात आणि कान देतात.

कान देतात, असं मी किती सहज लिहिलं. तो कान माझा होता.

मी लहान असताना मला धूर सोसायचा नाही. सगळी पोरं आगीभोवती नाचायची आणि मी लांब बांधावर, आगीकडे पाठ करून, ओढणीत नाक खुपसून बसलेली असायचे. एका वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाणी मारलं आणि मी तिकडूनच ओरडले, ‘झाली.’ सगळे हसले. आबांनी हसण्यावारी नेलं आणि आणखी जाळ घातला. मडकं उतरवलं तर तळच्या शेंगा करपलेल्या. पुढच्या खेपेला आबांनी पाणी मारलं आणि आगीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. परत मारलं, परत मान हलवली. तिसऱ्या वेळी म्हटलं, झाली. त्या वर्षीच्या शेंगांची आठवण गावात बरेच दिवस निघत होती. त्या संध्याकाळी आबा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘पोरीला कान हाय. आजपासून पोपटी झाली का नाय ते हिनं बोलायचं. ही बोलली नाय तवर मडक्याला कोनी हात लावायचा नाय.’

आमच्या घरात आबांचा शब्द म्हणजे शब्द. लग्न होऊन मी पनवेलला आले तरी ते काम माझ्याकडेच राहिलं. मी जाईन तेव्हाच पोपटी लागायची. आबा गेले, पाणी मारायचं काम माझ्या थोरल्या भावाकडे, दादूसकडे आलं. बोलायचं काम माझंच.

ते आवाज कसे असतात ते शब्दांत सांगणं म्हणजे दुधाची तहान ताकावर, पण सांगते. मडकं कच्चं असताना पाणी पडलं की ‘फुस्स’ होतं, ओला, लोळणारा आवाज. मग जाळ लागत जातो तसा ‘चर्रर’ येतो, लांब, तापल्या तव्यावर पीठ सांडल्यासारखा. आणि शेवटी येतो तो ‘चट्’. पाणी पडतं न पडतं तोच तुटतो. त्या तुटण्यात सगळं आहे. त्याच्या आधी बोललात तर शेंगा दाताखाली कचकचतात, नंतर बोललात तर करपतात. आणि पाणी मारताना कोणी बोलायचं नाही, हा दुसरा नियम. एरवी आमच्या माणसांना गप्प बसवायचं म्हणजे खाडीला थोपवायचं, पण त्या एका क्षणाला सगळं खानदान श्वास रोखून उभं राहायचं. लांबून कुठूनतरी टिटवी, वालाच्या वेलांवरून येणारा वारा, आणि मग ते पाणी. ती शांतता मला आजही इतकी आठवते की कधीकधी वाटतं, आवाजापेक्षा तीच जास्त गोड होती.

त्याच कानावर मला नोकरी लागली असं दादूस चिडवायचा. पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते. डोक्यावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. इथली दोरी तिथे खोचायची आणि माणसाला माणूस जोडून द्यायचा. उरणच्या लायनीला खरखर असायची, खोपोलीच्या लायनीला बारीक घुंऽऽ. नुसत्या श्वासावरून मी ओळखायचे, पलीकडे कोण आहे ते. ‘काय काका, आज घसा बसलाय?’ म्हटलं की पलीकडचा माणूस दचकायचा. एक बाई दर शुक्रवारी यायची, तिचा नवरा कुवेतला. ट्रंक कॉलसाठी ती बाकड्यावर बसून राहायची. घंटा वाजायच्या आधी लायनीत एक गुणगुण सुरू होते, ती मला ऐकू आली की मी तिला नुसती खूण करायचे आणि ती पदर सावरून उभी राहायची, जसा काही नवरा दारातून आत येणार आहे. मग आपोआप जोडणारं एक्स्चेंज आलं. एका सकाळी कामावर गेलो तर बोर्डासमोरच्या खुर्च्या उलट्या करून एकावर एक रचलेल्या. आम्हाला बिलांच्या खिडकीवर बसवलं. मी सगळ्यांना सांगायचे, मला यंत्राचा काही राग नाही, लोकांची सोय झाली. राग होता थोडा. पण सोयही झालीच होती, हे काही खोटं नव्हतं.

कान गेले ते हळूहळू. आधी रातकिडे गेले. मला वाटलं, नवीन पनवेलात इमारती झाल्या, रातकिडे राहिलेच नसतील. मग कुकरची शिट्टी लांब गेली. मग कोकीळ. मग मानसीच्या बोलण्यातली टोकं गेली. मानसी माझी मुलगी, कॉम्प्युटरवाली. हे गेल्यापासून आम्ही दोघीच घरात. ती आतून काही विचारायची, मी भलतंच उत्तर द्यायचे, ती दारात येऊन म्हणायची, ‘आई, मी तिसऱ्यांदा विचारतेय.’ त्यात राग असायचा आणि रागाखाली धास्ती. मला दोन्ही दिसायचं. ऐकू नाही आलं तरी दिसायचं.

गेल्या वर्षी पोपटीला दादूसने पाणी मारलं आणि मला काहीच आलं नाही. ‘फुस्स’ नाही, ‘चर्र’ नाही. मी म्हटलं, ‘दादूस, मला ऐकू येत नाहीये.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. मानसीला ते सोसेना. तिने फोन काढला. पोपटीला किती वेळ लागतो ते त्यात बघितलं आणि तेवढ्या वेळाचा गजर लावला. टुणटुण वाजल्यावर म्हणाली, ‘मामा, झाली असेल, काढा.’ दादूसने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्याने मडकं काढलं. त्या वर्षी दव फार पडलं होतं, पेंढा ओलसर होता, हे फोनला कुठून कळणार? शेंगा अर्ध्याकच्च्या. वयनी, दादूसची बायको, म्हणाली, ‘असूं दे, दात हायत अजून,’ आणि सगळ्यांनी हसत हसत कचाकचा खाल्ल्या. दादूस हसला नाही. त्याने शेंगाही दोनचारच खाल्ल्या.

त्यानंतर मानसीने माझ्यामागे लकडा लावला आणि मला यंत्र बसवून आणलं. वालाच्या दाण्याएवढं. कानामागे बसतं, फोनशी बोलतं. तिथली मुलगी कौतुकाने सांगत होती, ‘काकू, हे नुसतं आवाज मोठा करत नाही. माणसाचं बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला, हे ते स्वतः ओळखतं. गोंगाट बाजूला सारतं. आणि दिवसेंदिवस शिकत जातं.’ मी मनात म्हटलं, शीक बाई, मी बोर्डावर शिकले तसं तूही शीक.

आणि ते यंत्र लागलं तेव्हा मी रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. मानसी म्हणाली, ‘आई, येतंय का ऐकू?’ आणि तिच्या आवाजाला एक खरखर आली होती, वयाची, थेट माझ्या आईच्या आवाजासारखी. माझ्या मुलीचा आवाज कधी बदलला ते मला कळलंच नव्हतं. येताना भाजीबाजारात भर गर्दीत भाजीवालीचा शब्द न् शब्द मला ऐकू आला. इतका स्वच्छ की मी उगाच घासाघीस वाढवली. घरी येऊन दादूसला फोन लावला आणि विचारलं, ‘शेंगा कधी भरतील?’

तो म्हणाला, ‘भरतील पौस म्हयन्यात. पन आयक सुमे, ही शेवटची. उनाल्यात जागा जानार.’

त्याच्या शेतातून गोदामांकडे जाणारा रस्ता काढायचा ठरला होता. जासईच्या बाजूला कंटेनरांच्या थप्प्या होत्याच, द्रोणागिरीकडे गोदामं होत होती, मधली शेतं एकेक करून जात होती. मला ते ठाऊक होतं. तरी ‘शेवटची’ हा शब्द इतका स्वच्छ ऐकू आला की वाटलं, हे यंत्र थोडं कमी चांगलं असतं तरी चाललं असतं. त्या दिवसापासून माझं एकच मागणं झालं. त्या शेतात, त्या मडक्यावर, दादूसच्या हातून पडलेलं पाणी मला एकदा ऐकू यावं, आणि मी ‘झाली’ म्हणावं. बाकी जे जायचं ते जाऊ दे.

मग एक दिवस कढईत तेल तापवलं, मोहरी टाकली, आणि मोहरी तडतडली नाही. म्हणजे उडाली, अंगावर आली, पण आवाज नाही. हिंग, कढीपत्ता, सगळं मुकं. मी मानसीला हाक मारली. तिने फोनमध्ये डोकं घातलं आणि म्हणाली, ‘आई, फोडणी त्याला गोंगाट वाटते. नळाचं पाणी, पंखा, पाऊस, असे सलग फसफसणारे आवाज ते कापून टाकतं. त्यामुळेच तर तुला माझं बोलणं नीट येतं.’ मी विचारलं, ‘आणि मडक्यावरचं पाणी?’ ती फोन चाळत राहिली. मी तवा तापवला आणि त्यावर पाण्याचा हबका मारला. वाफ उठली. आवाज नाही. मानसीने फोनवर दुसरी खूण दाबली. पहिल्या खुणेचं नाव ‘संभाषण’, दुसरीचं ‘सगळं’. आणि सगळं म्हणजे सगळंच आत घुसलं. हायवे, खालच्या मजल्यावरचं ड्रिल, लिफ्टमधली बोलणारी बाई, विमान, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी तवा चरचरला. चरचरला हे नक्की. पण कितवं ‘चर्र’ आणि कुठे तुटलं, ते सांगता येईना. डोकं दुखायला लागलं तेव्हा मी यंत्र काढून ठेवलं आणि पोळ्या लाटल्या.

तेव्हापासून मला एक चाळा लागलाय. कोण काय गोंगाट म्हणून बाजूला सारतंय ते बघायचा. मानसी घरून काम करते. तिची मीटिंग चालू असली की मी मिक्सर लावायचा टाळायचे. ती म्हणाली, ‘लाव गं, पलीकडे जातच नाही. लॅपटॉप काढून टाकतो.’ म्हणजे तिच्या ऑफिसातल्या माणसांना तिच्या मागे घर आहे, घरात आई आहे, आई चटणी वाटतेय, हे ठाऊकच नाही. चांगलं आहे, तिचं काम शांतपणे होतं. पण एक्स्चेंजमध्ये असताना मला लोकांच्या मागची घरं ऐकू यायची. कोणाच्या मागे पोर रडत असे, कोणाच्या मागे आरती चाललेली. ‘आरती होऊ दे, मग जोडते,’ असं म्हणायचे मी. आता कोण कोणाला असं म्हणणार?

दादूसचीही तीच गत. त्याला बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून तो फोनला तोंडी विचारतो. खाडीत जाळं टाकायला जायचं असलं की आधी भरती-ओहोटी विचारतो. सुरुवातीला त्याने विचारलं, ‘उंद्या सुकती कवा लागंल?’ फोनने त्याला सुकी मासळी विकणाऱ्यांचे पत्ते दिले. तेव्हापासून दादूस फोनशी शाळेतल्यासारखं बोलतो. पाठ ताठ करून, ‘अहो, उद्या ओहोटी किती वाजता लागेल ते सांगता का?’ आम्ही पोटं धरून हसतो. पण जगात ज्याच्याशी तो ‘उंद्या’ आणि ‘सुकती’ म्हणू शकतो अशी माणसं कमीच होत चाललीत, आणि त्यातली एक मी बहिरी.

मागच्या पोपटीचा एक फोटो मानसीने दादूसला पाठवला होता. मूळ फोटोत शेतामागे कंटेनर आणि क्रेन होत्या. मानसीने बोट फिरवून त्या पुसल्या. मागे नुसतं आभाळ, खाली हिरवा वाल, आम्ही सगळे आगीभोवती. कसा सुंदर फोटो. वयनीने तो डोळ्यांजवळ धरून निरखला आणि म्हणाली, ‘बाय, आपला आंबा पन गेला गं.’ क्रेनच्या पुढे उभा असलेला बांधावरचा आंबा क्रेनबरोबर पुसला गेला होता. मानसी बिचारी ओशाळली. तिचा हेतू चांगलाच होता. फोनचाही हेतू वाईट नसावा. तो आंबा कोणाचा ते त्याला माहीत नव्हतं, इतकंच.

तर अशी सगळी तयारी मनात घेऊन, उरण नाक्यावरून घेतलेल्या भांबुर्डीच्या जुड्या पिशवीत घालून, आम्ही मायलेकी त्याच संध्याकाळी शेतावर गेलो. ऊन कंटेनरांच्या मागे उतरत होतं. वाल गुडघ्याएवढा, शेंगा टचटचीत. आंबा होता, बांधावर. मी जाऊन त्याला हात लावून आले.

वयनीने माझ्या कानामागे वाकून यंत्र बघितलं आणि म्हणाली, ‘कानामागून आली नि तिखट झाली, ती हीच कं?’ मी हसले. तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. दादूस वाकून मडकं भरत होता, तोंडाने पुटपुटत होता, तेही येत होतं. ‘मीठ घाल अजून. मुठीनं घाल, चिमटीनं काय घालतीस?’ किती वर्षांनी मी त्याचं पुटपुटणं ऐकत होते. त्यासाठी तरी त्या दाण्याएवढ्या यंत्राचे पाय धरावेत.

मडकं उपडं झालं, पेंढा रचला, पेटला. आणि तिथे माझी भीती खरी झाली. आग दिसत होती, ऐकू येत नव्हती. पेंढा भडकतोय आणि माझ्या कानात फक्त वयनीच्या गप्पा. मी फोनवर ‘सगळं’ दाबलं. रस्त्यावरचे ट्रेलर, मागे घेताना त्यांचं ते पीं-पीं, यार्डातला जनरेटर, वरून विमान. त्या शेतात आता शांतता नव्हतीच. म्हणजे घरी मला वाटत होतं की कमी काय ते माझ्या कानात आहे, आणि इथे येऊन कळलं की ज्या शांततेत ते पाणी ऐकू यायचं ती शांतताच उठून गेलीय. सगळं ऐकलं तर मडकं बुडतं, निवडून ऐकलं तर मडकं कापलं जातं. यंत्र काढून बघितलं. मग तर काहीच नाही. मी पुन्हा ‘संभाषण’ लावलं आणि बांधावर बसले, माझ्या नेहमीच्या जागी.

पेंढा खाली बसला. दादूसने लोट्यातून पाणी घेतलं. सगळे गप्प झाले, सवयीने. त्याने हबका मारला. वाफ उठताना दिसली. त्याने माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. ‘नाही रे दादूस. नाही येत.’ आणि मग मला राहवेना. ‘इतकं सगळं केलं, तरी नाही येत. जाऊ दे. तूच बघ.’

मानसी खिशातून फोन काढायला लागली. दादूस तिला म्हणाला, ‘ठेव ते.’ रागाने नाही, पण ठेवायलाच लागेल असं. त्याने थोडा पेंढा सारला, पुन्हा लोट्यात हात बुडवला, पाणी मारलं, माझ्याकडे वळला आणि तोंडाने मोठ्याने म्हणाला, ‘फुस्स्स.’

मला वाटलं, चेष्टा करतोय. या वयात, अशा वेळी. मी चिडून काही बोलणार, तर त्याचा चेहरा चेष्टेचा नव्हता. तो थांबला होता.

‘काय बोलतोस?’

‘पानी असं बोलला. फुस्स. आता तू सांग, काय करू?’

मला कळायला थोडा वेळ लागला. ‘कच्ची आहे,’ मी म्हटलं. ‘जाळ घाल.’

त्याने जाळ घातला. आम्ही बसून राहिलो. वयनीचंही तोंड बंद होतं, म्हणजे बघा. मग त्याने पुन्हा पाणी मारलं, कान मडक्याकडे कलता केला, आणि म्हणाला, ‘चर्ररर.’ लांबवून, पाणी जितकं लांबलं तितकंच, र मोजून. यंत्र माणसाचं बोलणं कापत नव्हतं. जे पाणी ते आत येऊ देत नव्हतं, ते दादूसच्या तोंडून सरळ आत येत होतं.

‘दादूस,’ मी म्हटलं, ‘तुला ऐकू येतं?’

‘मी काय भयरा हाय?’

‘तसं नाही. तुला कळतं? कच्ची कुठली, झालेली कुठली?’

‘इतकी वर्सं पानी मी मारतंय नि मला कलनार नाय?’

‘मग गेल्या वर्षी का नाही बोललास? कच्ची होती ना? तुला माहीत होतं?’

‘व्हतं.’

‘मग?’

तो काठीने निखारे सारत राहिला. ‘तू नाय बोललीस,’ तो म्हणाला. ‘आबांनी बोलायचं काम तुला दिलंय. मी मधी कसा बोलू? पोर बोलली काढा, तू मान खाली घातलीस. मंग काढलं. कच्ची तर कच्ची.’

मला एकदम आबा आठवले, आगीकडे न बघता माझ्याकडे बघणारे. त्यांनाही कळत असणार. एवढ्या पोपट्या लावलेला माणूस, त्याला एका पोरीच्या कानाची गरज नव्हती. धुराला भिऊन एकटी बांधावर बसणाऱ्या पोरीला आगीभोवतीच्या माणसांत ओढून घ्यायला त्यांनी ते काम काढलं असेल. मी सगळा जन्म समजत होते की यांना माझ्या कानाची गरज आहे. आणि हे दोघे सगळं ऐकून, नुसते वाट बघत उभे होते, की मी बोलेन.

मी उठले. धुरातून वाट काढत आगीजवळ गेले, दादूसच्या शेजारी जाऊन उकिडवी बसले. धूर डोळ्यांत गेला ते बरंच झालं. मानसी मागे येऊन माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. तिने फोन खिशात ठेवला होता. तिकडे एक ट्रेलर मागे घेत होते, त्याचा लाल दिवा लुकलुकताना दिसत होता, आवाज येत नव्हता. त्याबद्दल यंत्राचे आभार.

दादूसने लोट्यातलं उरलेलं पाणी ओंजळीत घेतलं. मारलं. बारीक वाफ उठली आणि लगेच मोडली.

‘चट्,’ दादूस म्हणाला.

अगदी तसंच. पडतं न पडतं तोच तुटलेलं. मला आबांच्या वेळचं ऐकू आलं, माझ्या लहानपणीचं, टिटवीसकट.

आता मी बोलायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून शब्द निघेना, कारण मी बोलले की मडकं उतरणार होतं, शेंगा खाल्ल्या जाणार होत्या, निखाऱ्यांवर पाणी पडणार होतं, आणि या शेतातलं सगळं तिथे संपणार होतं. मी न बोलता बसले असते तर तोही बसून राहिला असता, मला खात्री आहे.

‘सुमे,’ दादूस हळूच म्हणाला, ‘करपंल.’

मी त्याच्या ओल्या हातावर हात ठेवला.

‘झाली,’ मी म्हटलं.